चिठ्ठीवर आमच्यासाठी एक ओळ लिहा

सप्रेम नमस्कार.

आम्ही तालुक्यातल्या कर्णबधिर मुलांचे आईवडील. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी जिल्हा परिषद शाळेच्या एका वर्गात जमतो. नवीन कुटुंब आले की चहा देता देता विचारतो, ‘तुम्हाला कोणी पाठवलं?’ आम्ही एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात, गणपतीच्या मंडपातही पत्रके लावली होती. ती वाचून फारसे कोणी आले नाही. जे आले ते ‘डॉक्टरसाहेबांनी सांगितलं’, ‘सिस्टर म्हणाल्या एकदा जाऊन या’, ‘आशाताई सोबत घेऊन आल्या’ असे सांगत आले. म्हणून हे आवाहन आधी दवाखान्यांना आहे, मग देणगीदारांना.

बाळाला ऐकू येत नसावे, ही शंका बहुतेक वेळा आईलाच आधी येते. कुकरच्या शिट्टीने त्याची झोप मोडत नाही, दिवाळीत फटाका वाजला तरी ते दचकत नाही. पण घरात तिचे कोण ऐकून घेणार? सासूबाई पाळण्याजवळ थाळी वाजवतात, बाळ मान वळवते आणि विषय तिथेच मिटतो. बाळाला थाळी धरलेला हात हलताना दिसला होता, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘याचा बापही उशिराच बोलायला लागला’ हे तर घरोघरचे वाक्य. मग वेखंड उगाळून जिभेला लावायचे. त्यातच कर्णबधिर बाळही पहिले काही महिने इतर बाळांसारखेच हुंकार देते, त्यामुळे शंका आणखी मागे पडते. पुढे ती खरी निघाली, की बोल आईलाच: गरोदरपणी हिने ग्रहण पाळले नाही.

अशा घरात आईच्या शंकेला बळ मिळते ते पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या शब्दाने. मात्र हा शब्द दोन्हीकडे चालतो. हे लिहिणारी मी त्यातलीच एक आई; माझी मुलगी दीड वर्षाची असताना एका डॉक्टरांनी ‘थांबा, बोलेल’ एवढेच सांगितले आणि आम्ही आणखी वर्षभर थांबलो. ते चांगल्या मनाने बोलले होते, पण ते वर्ष आम्हाला परत मिळाले नाही. नंतर धाकट्याच्या लसीकरणाला गेले, तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टरनी मुलीला मागून दोनदा हाक मारली आणि एका कागदावर तपासणीचे ठिकाण लिहून दिले. तो कागद मी सासऱ्यांपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच आमच्याबरोबर गाडीत बसले.

बाळ महिन्याचे व्हायच्या आत कानांची पहिली चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र व भाषेचे शिक्षण सुरू, असे कानांच्या तपासणीचे वेळापत्रक आहे. ओएई चाचणी, म्हणजे कानात छोटे बूच ठेवून करायची तपासणी, काही मिनिटांची, अजिबात न दुखणारी. आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी बेरा चाचणी बाळ झोपेत असताना होते. जन्मतः काचेच्या पेटीत राहिलेली, जास्त कावीळ झालेली बाळे आणि नात्यातल्या लग्नातली मुले यांच्याकडे विशेष लक्ष हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून झाली, त्यात बहिरेपणाची तपासणी आहे. बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत आशाताई घरी येतात. सोय आहे, तिथपर्यंत पोचवणारा माणूस हवा.

म्हणून डॉक्टर, सिस्टर, आशाताई, अंगणवाडीताई, आपल्याला विनंती. ‘मूल बहिरे आहे’ एवढे सांगून पालकांना दारातून पाठवू नका. त्या क्षणी पुढचे काहीच कानांत शिरत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. तपासणीच्या चिठ्ठीवरच लिहा: दुसरा रविवार, जिल्हा परिषद शाळा, तिथे अशीच मुले असलेले पालक भेटतील. तोंडी सांगितलेले घरी जाईपर्यंत विरते, कागद वडील वाचतात, आजोबा वाचतात. पालकांची हरकत नसेल तर त्यांचा नंबर आम्हाला द्या, आमच्यातली एक आई दोन दिवसांत फोन करील. उपचार सांगणे हे आमचे काम नाही, ते आपले. यंत्र घातल्यावर मूल ते उपटून टाकते तेव्हा काय करायचे, दिव्यांग प्रमाणपत्राला कोणते कागद लागतात, घरच्यांना कसे समजवायचे, हे आम्ही सांगू शकतो.

आता पैशांचे. महिलांना एसटीत 2023 पासून अर्धे तिकीट झाले, त्याचा मोठा आधार आहे, तरी रोजावर जाणाऱ्या बाईचा दिवस बुडतो. कानामागच्या यंत्राची बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. बाळाचा कान वाढतो तसा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होऊन यंत्र शिट्टी मारू लागते, तो साचा काही महिन्यांनी नवा करावा लागतो. पावसाळ्यात दमटपणाने यंत्रे बंद पडतात, ती सुकवायला हवाबंद डबी आणि ओल शोषणाऱ्या पुड्या लागतात. घरात यंत्र असूनही बॅटरीवाचून ते कपाटात पडून राहिलेले आम्ही पाहिले आहे. आपली देणगी या चार गोष्टींवर आणि दवाखान्यांत ठेवायच्या छापील चिठ्ठ्यांवर खर्च होईल. प्रत्येक रकमेची पावती मिळेल, जमाखर्च वर्गाच्या फळ्यावर दरमहा लिहिला जातो, तो कोणीही येऊन पाहावा. औषध दुकानदारांनी बॅटऱ्या खरेदीच्या भावात दिल्या तरी ती देणगीच मानू.

छापील चिठ्ठ्यांचे गठ्ठे तयार आहेत. ज्या दवाखान्याला, उपकेंद्राला हवे असतील तिथे आमच्यापैकी कोणीतरी स्वतः आणून देईल.

आपले,
कर्णबधिर मुलांचे पालक