प्रोस्टेट निर्दोष सुटलं

सांगली,
२३ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

तारकर्लीच्या रात्री तू मला जे जे बोललास ते माझ्या लक्षात आहे. "लेका, तू घोरतोस की ट्रॅक्टर चालू करतोस? वर चार वेळा उठून दिवा लावलास. प्रोस्टेट दाखव एकदा." आता ऐक. प्रोस्टेट मी तुझ्या आधीच दाखवलं होतं. पाच महिने रात्री जेवल्यावर एक गोळी घेत होतो आणि तरीही चारदा उठत होतो. डॉक्टरांचं नाव घेत नाही, माणूस सज्जन आहे. माझं वय बासष्ट म्हटल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "प्रत्येक वेळी लघवी किती होते?" आता हे कोण मोजतं? ते म्हणाले, मोजा. मग मी स्वयंपाकघरातला पिठाचा मापाचा प्लॅस्टिकचा मग उचलला. (हिने तो मग परत घरात घेतलेला नाही. नवीन आणावा लागला.) दोन दिवस वहीत वेळ आणि मिलिलिटर लिहिले. रात्री साडेबारा, ३५०. दोन वाजून दहा, ४००. पावणेचार, ३८०. पाच, ३००. वही बघून डॉक्टर हसले. म्हणाले, "प्रोस्टेटवाल्या माणसाला थोडी थोडी होते, धार तुटते, परत जावंसं वाटतं. तुमचा मूत्राशय उत्तम आहे, भरतो म्हणून उठवतो. रात्री एवढी लघवी तयार का होते, हा खरा प्रश्न." आणि मग तू विचारलेलाच प्रश्न त्यांनी विचारला: घोरता का?

झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून रात्रभर झोपायचं. सकाळी कळलं की तासाला ३८ वेळा माझा श्वास अडत होता. स्लीप अॅप्निया. आता नाकावर मुखवटा लावून झोपतो, सीपॅप म्हणतात त्याला. पहिले चार दिवस वाटलं, हत्तीची सोंड लावून निजलोय. पण सुध्या, पाचव्या दिवसापासून रात्री एकदा उठतो, कधी तेही नाही. गोळी बंद.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. अडला घसा, आणि भरला मूत्राशय? मध्ये कोण आहे? शोधत गेलो तर मध्ये हृदय निघालं. हेच मला तुला लिहायचं होतं, कारण तुला माहीत आहे मी एकोणतीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. फळ्यावर चार कप्पे काढायचे, निळा खडू, लाल खडू, आणि म्हणायचं, "हृदय म्हणजे पंप." पाठ्यपुस्तकात ग्रंथींची यादी असायची, पीयूष, अवटू, अधिवृक्क, स्वादुपिंड. त्या यादीत हृदय नव्हतं आणि मीही कधी घातलं नाही. ते असायला हवं होतं, रे. हृदय हीसुद्धा ग्रंथी आहे.

गोष्ट जुनी आहे. १९५६ मध्ये ब्रुनो किश नावाच्या शास्त्रज्ञाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनिपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, स्नायूंच्या पेशींमध्ये काळे काळे दाणे दिसले. १९६४ मध्ये जेमिसन आणि पलाडे यांनी त्यांचं नीट वर्णन केलं. असे दाणे ग्रंथींच्या पेशींत असतात, काहीतरी साठवून ठेवायला. स्नायूला काय साठवायचंय? अर्जेंटिनातून कॅनडात गेलेला आदोल्फो दे बोल्ड हा माणूस किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात त्याच दाण्यांच्या मागे लागला. उंदरांचं मीठपाणी कमीजास्त केलं की दाण्यांची संख्या बदलते, हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे केलं ते मला फार आवडलं, कारण ते आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही समजावून सांगता येईल. उंदराची अलिंदं वाटली, गाळली, आणि तो अर्क दुसऱ्या उंदराच्या शिरेत टोचला. काही मिनिटांत त्या उंदराची लघवी दहापट झाली आणि तिच्यातून जाणारं सोडियम तिसापटीहून जास्त. खालच्या कप्प्यांचा, निलयांचा अर्क तसाच टोचला, तर काही नाही. १९८१ साली हे छापून आलं. आपण तेव्हा अकरावीत, हृदयाची आकृती घोकत होतो.

त्या अर्कातलं ते द्रव्य म्हणजे एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, एएनपी. नॅट्रियम म्हणजे सोडियम, ते लघवीवाटे काढून टाकणारं. २८ अमिनो आम्लांची माळ, त्यातली सतरा गोल कड्यात बांधलेली. दाण्यांत तयार असतं, फक्त एक तुकडा जोडलेला असतो. बाहेर पडताना कोरिन नावाचं विकर (एन्झाइम) तो कापतं. रक्तात दोनचार मिनिटंच टिकतं, म्हणजे निरोप पोहोचला की निरोप्या गायब. आणि ते सुटतं कशाने, तर अलिंदाची भिंत ताणली गेली की. वरच्या कप्प्यात नेहमीपेक्षा जास्त रक्त आलं, भिंत फुगली, एएनपी सुटलं. एवढं साधं.

आपल्या सांगलीच्या माणसाला हे पटकन समजेल. आयर्विन पुलावरची कृष्णेची पातळी चाळीस फुटांकडे जायला लागली की इथे जीव टांगणीला लागतो आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग वाढवा म्हणून मागण्या सुरू होतात. (अलमट्टीने खरंच फरक पडतो का, यावर तू परवा फोनवर भांडलासच. तो विषय नको.) अलिंद म्हणजे ती आयर्विनची पट्टी आणि मूत्रपिंड म्हणजे अलमट्टी. फरक इतकाच की इथे बैठका लागत नाहीत. एएनपी मूत्रपिंडाकडे जातं, गाळणीकडे रक्त आणणारी बारीक नळी सैल करतं, बाहेर नेणारी जरा आवळतं, म्हणजे गाळलं जास्त जातं. पुढच्या नळ्यांतून सोडियम परत शोषलं जाणं कमी होतं, आणि सोडियमच्या मागे पाणी जातंच. शिवाय रेनिन आणि अल्डोस्टेरोन ही मीठ धरून ठेवणारी जोडगोळी आहे ना, तिलाही दाबतं. रक्तवाहिन्या सैल करतं, रक्तदाब उतरवतं.

आता घसा. अॅप्नियात घसा बंद असतो, पण छाती श्वास ओढायचा प्रयत्न सोडत नाही. बाटलीचं तोंड बंद करून आतून ओढावं तसं. छातीत दाब एकदम खाली जातो आणि अंगातलं रक्त उजव्या अलिंदाकडे ओढलं जातं. त्यात ऑक्सिजन कमी झाला की फुप्फुसातल्या वाहिन्या आवळतात आणि उजव्या बाजूवरचा ताण आणखी वाढतो. अलिंदाला वाटतं, पूर आला! पूर बिर काही नाही, घोरणारा म्हातारा आहे. पण ते बिचारं प्रामाणिकपणे एएनपी सोडतं आणि पावणेचारला मला उठवतं. पाच महिने मी गोळी चुकीच्या पत्त्यावर पाठवत होतो.

आणि एक, तुझी विहीर आठवते? तुमच्या मळ्यातली, दगडी पायऱ्यांची. मे महिन्यात आपण पाचसहा जण गळ्यापर्यंत पाण्यात तासन् तास. अर्ध्या तासाने एकेक जण पायऱ्या चढून मोटेच्या जुन्या धावेपलीकडे पळायचा. तुझे आजोबा म्हणायचे, "गार पाण्यानं होतं रे पोरांनो." थोडं गार पाण्यानं होतंच. पण माणूस कोमट पाण्यात बसला तरी हे होतं. पाण्याचा दाब पायांवर, पोटावर पडतो आणि तिथलं अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीत ढकललं जातं. अलिंद ताणतं. पुढचं तुला आता माहीत आहे. (मेंदूकडून येणारं पाणी धरणारं संप्रेरकही त्याच वेळी कमी होतं, तेव्हा सगळं श्रेय एएनपीला देऊ नको.) १९५६ सालीच, म्हणजे किशला दाणे दिसले त्याच वर्षी, हेन्री आणि गाउअर यांनी कुत्र्यांच्या डाव्या अलिंदात छोटा फुगा फुगवून दाखवलं होतं की अलिंद ताणलं की लघवी वाढते. त्यांनी श्रेय मज्जातंतूंना दिलं. दाणे एकीकडे, फुगा एकीकडे, आणि दोन्ही टोकं जुळायला पंचवीस वर्षं गेली. मला या गोष्टीची फार गंमत वाटते.

आता काकूंच्या रिपोर्टकडे येतो, कारण तू रात्री अकराला फोटो पाठवून "हे काय लाल अक्षरात?" म्हणालास तेव्हा तुझा आवाज मला आवडला नाही. एनटी-प्रोबीएनपी, १९००, आणि शेजारी छापलेली मर्यादा १२५. पंधरापट! मीही दचकलो असतो.

बीएनपी हा एएनपीचा भाऊ. त्यातला बी म्हणजे ब्रेन, कारण १९८८ मध्ये जपानच्या सुदो, कांगावा, मात्सुओ या मंडळींना ते पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडलं. मग कळलं की मुख्य कारखाना हृदयाचे खालचे कप्पे आहेत. पण नाव पडलं ते पडलं, आपल्याकडे वर्गातल्या एखाद्याचं पडतं तसं. एएनपी साठवलेलं असतं, बीएनपी ताण आला की बनवायला घेतात. बनताना एका लांब माळेचे दोन तुकडे होतात. ३२ आम्लांचा कामाचा बीएनपी आणि ७६ आम्लांचा बिनकामाचा उरलेला तुकडा, तोच एनटी-प्रोबीएनपी. बिनकामाचा तुकडा रक्तात जास्त वेळ टिकतो म्हणून लॅब तो मोजते. म्हणजे तो लाल आकडा हे विष नाही. काकूंच्या हृदयावर ताण आहे आणि ते "पाणी काढा, पाणी काढा" म्हणून ओरडतंय, त्या ओरडण्याचा तो आवाज आहे.

आणि १२५ ही रेघ काकूंच्या वयाला नाही. दम लागून माणूस तातडीने आला, तर ३०० च्या खाली आकडा असल्यास डॉक्टर हृदयाकडचा संशय बऱ्यापैकी सोडतात. पंचाहत्तरीच्या पुढे मात्र हृदय थकल्याचं म्हणायला १८०० च्या वरचा आकडा बघतात. वयाने वाढतो, किडनी मंदावली की वाढतो, ठोके अनियमित असले की वाढतो. उलट लठ्ठ माणसात कमी दिसतो. तेव्हा नुसत्या कागदावरून घाबरू नको. इको (हृदयाची सोनोग्राफी) होऊ दे, पायांची सूज, झोपताना किती उशा लागतात, हे डॉक्टरांना सांग.

तू विचारशील, हृदय एवढं ओरडतंय तर पाणी निघत का नाही? कारण दुसऱ्या बाजूला रेनिन-अल्डोस्टेरोन त्याहून मोठ्याने ओरडतायत, "पाणी धरा." मूत्रपिंडही रोज तेच ऐकून बधिर होतं. शिवाय दमलेलं हृदय बरंचसं बीएनपी न कापताच, कच्चंच सोडतं. मग बाहेरून बीएनपी दिलं तर? अमेरिकेत २००१ मध्ये तसं औषध आलंही, पण २०११ मध्ये सात हजार रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. चाललं ते वेगळं. शरीरात नेप्रिलायसिन नावाचं विकर ही पेप्टाइडं चिरडून टाकतं. त्यालाच अडवायचं. सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टनची गोळी ती हीच. २०१४ च्या अभ्यासात एनालाप्रिल या जुन्या औषधाच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू किंवा भरती होण्याचं प्रमाण वीस टक्क्यांनी कमी झालं.

काकूंना ती सुरू करणार म्हणालास ना? मग एक काम कर. त्यांची जुनी बीपीची गोळी कोणती आहे ती पट्टीसकट डॉक्टरांना दाखव. नावाच्या शेवटी "प्रिल" असेल तर दोन्ही एकत्र चालत नाहीत, मध्ये दीड दिवस जाऊ द्यावा लागतो, नाहीतर ओठ-जीभ सुजू शकते. आणि पुढे तपासणी करताना हीच एनटी-प्रोबीएनपी सांग, नुसती बीएनपी नको. गोळीमुळे बीएनपी मोडायचं थांबतं, म्हणजे माणूस सुधारत असतानाही तो आकडा वर दिसेल आणि तू मला पुन्हा रात्री अकराला फोन करशील.

लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या काकूंपुढून हळूच बाजूला कर. त्या ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. दहावीत असताना आपल्याला त्यांनी ताटात मीठ वाढलं नाही असं कधी झालं नाही.

पंधरा डिसेंबरला मी येतोय. मशीन घेऊन येतो, खोली एकच घे. पलंगाजवळ प्लग पाहिजे. वहिनींना सांग, मापाचा मग आणत नाहीये. काकूंना माझा नमस्कार.

तुझा,
विन्या