दिघ्याच्या मावशींना

मावशी,

हे पत्र तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल. एकही ओळ गाळायची नाही असं तिला बजावून ठेवलंय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे ओ ताई" म्हणता, पदर खोचता आणि मोरीत शिरता. म्हणून चारचौघांत लिहायचं ठरवलं. इथून तुम्हाला पळता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, गेल्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला, म्हणून उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. पाय बऱ्यापैकी परत आला. हात आला नाही. शब्द एखाददुसरा, तोही मनात असेल तोच येईल याचा भरवसा नाही. दवाखान्याचं, बिलांचं पुराण लावत नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांना सगळं ठाऊक आहे.

मावशी, तुमच्याआधी आईंना सांभाळायला एका ब्युरोने बायका पाठवल्या होत्या. पहिलीच्या कानातून ती यंत्रं कधी निघालीच नाहीत. दुसरी आईंना "बेबी, आ कर" म्हणायची. महापालिकेच्या शाळेत उभा जन्म शिकवण्यात गेलेल्या बाईला बेबी! तिसरी आली तशी गेली आणि डिपॉझिट घेतलेल्या ब्युरोने फोन उचलणं बंद केलं. व्यायामाला येणाऱ्या एका गृहस्थांनी आईंच्या हातात पिवळा, हसऱ्या तोंडाचा चेंडू दिला आणि दाबा म्हणाले. आईंनी तो पलंगाखाली टाकला. गृहस्थांनी फाइलीत लिहिलं, "पेशंट सहकार्य करत नाही." मला विचाराल तर त्या दिवशी आईंची अक्कल शाबूत असल्याची माझी पहिल्यांदा खात्री पटली.

आणि आपली माणसं. सफरचंदं इतकी आली की शेवटी मुरांबा घातला. "प्रार्थनेत आठवण ठेवतो," असं सगळे म्हणाले आणि ठेवलीही असेल, त्याबद्दल मला शंका नाही. प्रार्थना आम्हाला हवीच होती. पण खुर्ची ओढून अर्धा तास आईंजवळ बसेल असं माणूस मिळेना. येणारे माझ्याशी बोलायचे, आईंच्या डोक्यावरून. मग लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, मधल्या एका आठवड्यात चर्चमधून फोन आला, "यंदा झावळ्यांचे क्रूस बाहेरून मागवतोय हं, आईंना उगाच त्रास नको." फोन स्पीकरवर होता. आईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि संध्याकाळी जेवल्या नाहीत.

तुम्ही त्या वेळी आमच्याकडे नव्याच होतात. माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन तुम्ही हळूच विचारलंत, "ताई, कसले क्रूस?"

तेव्हा मी घाईत दोन वाक्यांत उरकलं होतं. आता नीट सांगते.

आईंच्या वर्षाला हाताची कामं ठरलेली. दिवाळी उलटली की जांभळी नाक्यावर कंदीलवाल्यांकडच्या उरलेल्या बांबूच्या कामट्या स्वस्तात उचलायच्या. दहा कामट्यांच्या दोन चांदण्या, मध्ये पोट फुगवायला पाच छोटे आधार, वर पतंगाचा कागद, चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. झाला नाताळचा तारा. नाताळच्या आधीच्या चार रविवारांसाठी चार करवंट्यांत वाळू भरून मेणबत्त्या रोवायच्या. तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची तेवढी गुलाबी. डिसेंबरच्या मध्यावर ताटलीत गहू पेरायचे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात गव्हाणीतल्या गुरांपुढे नाताळापर्यंत हिरवा चारा उभा राहतो. ईस्टरला कांद्याच्या सालांत अंडी उकडून विटकरी रंगवायची. आणि ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार. येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला आणि लोक होसान्ना ओरडत झावळ्या घेऊन सामोरे गेले, तो दिवस. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये प्रत्येकाच्या हातात नारळाच्या पातीचा वळलेला छोटा क्रूस असतो. तो वर्षभर बायबलमध्ये ठेवायचा. पुढल्या वर्षी लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी हेच जुने क्रूस जाळून त्यांची राख कपाळाला लावतात. हे दीड-दोनशे क्रूस दरवर्षी आमच्या कोपरीच्या घरात, आईंच्या चटईवर वळले जायचे.

हे काम म्हणजे नुसती सजावट नव्हती, एवढंच सांगायचं होतं. माझ्या मुलांना शास्त्र कळलं ते या चटईवर. हातात कागद नि बोटाला खळ असताना आई गोष्ट सांगायच्या. गोष्टीतही मास्तरीण. "बायबलात येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी झावळ्यांचं नाव एकट्या योहानाने घेतलंय. मत्तय आणि मार्क नुसत्या डहाळ्या म्हणतात, लूककडे तर फक्त अंगरखे पसरलेत. नीट वाचा!" रविवारच्या शाळेत मुलं जांभया देतात, इथे भांडण करून जागा पकडायची.

तुम्ही हे सगळं ऐकलंही नव्हतं. तरी म्हणालात, "झावळीचं काम ना? मग त्रास कसला?"

तुमचं माहेर श्रीवर्धनचं. माडाच्या सावलीत वाढलेली बाई, झापं विणून वाडीतल्या मांडवांवर चढवलेली. तुम्ही खाली जाऊन वॉचमनला गाठलंत. सोसायटीतला माड छाटायला माणूस येणारच होता. तो बिचारा उत्साहाने मधला मिटलेला पिवळा शेंडाच खुडायला निघाला, कारण कोवळी पात तीच. तुम्ही खालून ओरडलात, "शेंड्याला हात लावू नको! माडाला एकच शेंडा, तो गेला की माड गेला." शेंड्याशेजारची नुकती उघडलेली झावळ घेतलीत. सोसायटीच्या सेक्रेटरींना इतक्या वर्षांत जे कळलं नाही ते तुम्ही पाच मिनिटांत शिकवलंत. मग पाती सोडवल्या, प्रत्येकीचा हीर ओढून काढला, आणि रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या, वाळून तडकू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशीची दुपार मला तुमचे आभार मानायला लावते आहे. बाकी सगळं पगारात आलं असं तुम्ही म्हणाल. हे नाही आलं.

क्रूस वळायला दोन हात लागतात. पात उभी धरायची, दुमडून आडवे हात काढायचे, आणि जिथे उभं-आडवं एकमेकांवर येतं तिथे उजव्या हाताने घट्ट चिमटीत पकडायचं. डाव्याने टोक तिरकं फिरवून मागच्या फटीत सरकवायचं. चिमूट सुटली की सगळं उलगडतं. आईंची नेमकी चिमूटच गेलेली.

आमची एक नातेवाईक त्या दिवशी आली होती. आईंची धडपड बघून ती म्हणाली, "द्या इकडे, मी करते पटापट." चांगल्या मनानेच म्हणाली. तुम्ही हसून म्हणालात, "आजींचं काम आहे ते." आणि चटईवर आईंच्या उजव्या अंगाला जाऊन बसलात, अगदी खांद्याला खांदा लावून. तुमचा डावा हात तुम्ही मागे नेलात आणि पदराचं टोक त्याच्या मुठीत घट्ट धरून ठेवलंत. उजवा हात पुढे करून म्हणालात, "आजी, तुमचा डावा, माझा उजवा. सांगा, कुठं धरू?"

मी दारात उभी होते. तुम्हाला दोन्ही हातांनी ते काम सहज जमलं असतं. आईंच्या आधी तुमचेच पन्नास झाले असते. तो मुठीत धरलेला पदर मी आयुष्यात विसरणार नाही, मावशी. चुकूनही मदतीला येऊ नये म्हणून तुम्ही स्वतःचाच हात बांधून घातला होतात.

आईंनी बोटाने दाखवलं, इथे. तुम्ही चिमूट धरलीत. त्यांनी डाव्या हाताने टोक फिरवलं, सुटलं, पुन्हा फिरवलं. तुम्ही काही बोलला नाहीत, घाई केली नाहीत. आईंची जीभ दातांत आली होती, शाळेतल्या पोराची गणित सोडवताना येते तशी. पहिला क्रूस झाला तो चांगलाच वाकडा, एक हात वर, एक खाली. नातेवाईक बाईंनी तो सरळ करायला हात पुढे केला. तुम्ही क्रूस उचललात आणि आईंच्या उशाशी ठेवलात. "हा असाच राहील," म्हणालात. आईंनी मान डोलावली, आणि पुढची पात मागायला हात पुढे केला.

त्या दिवसापासून दुपारची तीच तालीम. मुलं शाळेतून आली की दप्तरं टाकून चटईवर. धाकटीने विचारलं, "आजी, ही कुणाची गोष्ट?" आईंनी बराच वेळ शब्द शोधला आणि म्हणाल्या, "गा... ढव." घरभर हसू. मग हसता हसता मीच आत पळाले.

गाण्याचं श्रेयही तुमचंच. वेणी घालताना तुम्ही हरिपाठातलं काही गुणगुणत होतात आणि आई त्याच चालीत, चर्चमधल्या एका भजनाचे शब्द घालून गाऊ लागल्या. पाणी मागता येत नाही आणि कडवं येतं! डॉक्टर म्हणाले, असं होतं, गाण्याचं बरंचसं काम मेंदूच्या दुसऱ्या बाजूला चालतं. ते भजन मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं होतं. तुम्ही म्हणालात, "हा तर अभंगच की ओ." आहेच. टिळकांचा (1861–1919) आग्रहच होता की मराठी ख्रिस्ती माणसाने विलायती चालींत अडकू नये, टाळ घेऊन भजन-कीर्तन करावं. ते रत्नागिरीकडच्या करजगावचे, हे कळल्यावर तुम्ही "म्हणजे आमच्या कोकणातलेच" म्हणून ज्या थाटात मान हलवलीत, त्यावरून वाटलं, आता ही भजनं तुमच्याच मालकीची झाली.

क्रूस दीडशे झाले नाहीत. निम्मेही नाहीत. बाहेरून मागवलेले चकचकीत क्रूस झावळ्यांच्या रविवारी, 29 मार्चला, चर्चमध्ये होते, आणि शेजारच्या टोपलीत आईंचे. कुठली टोपली आधी रिकामी झाली हे मी सांगत नाही, फोन करणाऱ्यांनी पाहिलंय. पाळकसाहेबांनी टोपलीतला मुद्दाम एक वाकडा शोधून घेतला, त्यांनाही धन्यवाद.

तो तुमच्या सुट्टीचा दिवस. तरी तुम्ही दिघा गावहून गाडी पकडून ठाण्याला आलात. 2024 च्या जानेवारीत ते स्टेशन सुरू झालं म्हणून बरं, नाहीतर रविवारची ऐरोलीपर्यंतची वणवण. गळ्यात तुळशीची माळ, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, मागच्या बाकावर बसलात. मिरवणूक निघाली, पोरं झावळ्या हलवत होसान्ना म्हणत गेली, आणि तुम्ही माझ्या कानाशी लागलात, "ताई, सगळं आलं, पण गाढव कुठाय?" पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. पुढच्या वर्षी गाढवाचा बंदोबस्त करायचा, असं तरुण मंडळीत आता गंभीरपणे बोललं जातंय. तुम्हीच कारण.

परवा तुम्ही जरा चाचरत विचारलंत, तुमचा क्रूस तुम्ही विठोबाच्या तसबिरीमागे खोचलाय, चालेल ना. मावशी, तो तुमचा आहे, तुमच्या उजव्या हाताचा आहे. मी कोण चालेल-न चालेल म्हणणारी? आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून दोनदा मान हलवली.

हल्ली जो तो म्हणतो माणुसकी राहिली नाही. राहिली नाही म्हणणारे बहुतेक वेळा पंख्याखाली बसलेले असतात. मला तर ती सारखी भेटते. आईंना रिक्षात बसवताना मीटर टाकायला न घाई करणारा रिक्षावाला, शहाळ्याची मलई न सांगता बारीक करून देणारा भैया, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत आईंच्या काठीसाठी पाय आखडून घेणाऱ्या पोरी. यांच्यापैकी कुणी आईंची कीव केली नाही. कीव करायला आमच्याकडे सुशिक्षित मंडळी भरपूर आहेत.

त्या ब्युरोला माझा निरोप: डिपॉझिट ठेवून घ्या. तुम्ही फोन उचलला असतात तर मावशी आमच्या घरी आल्या नसत्या.

आता कामाचं. मे महिन्यात तुम्ही माहेरी जाणार म्हणालात, तर निवांत जा, पगार कापणार नाही, यावर वाद नको. येताना ओली सुपारी आणू नका, आईंना चघळायची नाहीये, त्यांनी कितीही खुणा केल्या तरी. आणि डिसेंबरच्या ताऱ्याला खळ लावायची की फेव्हिकॉल, यावरून तुमचं नि आईंचं आत्तापासून जुंपलंय, त्यात मी पडणार नाही. आईंना "खळ" हा शब्द स्पष्ट म्हणता येऊ लागलाय, तोही चढ्या आवाजात. तेव्हा तुमची बाजू जरा कच्चीच आहे.

तुमची,
कोपरीची ताई