मोडणाऱ्याला सवलत, सांभाळणाऱ्याला कर

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पंधरा वर्षांवरील खासगी मोटारींची पुनर्नोंदणी, पर्यावरण कर आणि पीयूसी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, माझ्या २०१० सालच्या छोट्या पेट्रोल गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली आणि मी ती पुढच्या पाच वर्षांसाठी करून घेतली. शुल्काचे पाच हजार भरले, पर्यावरण कर भरला, त्याआधी नवी एचएसआरपी नंबरप्लेट बसवली, तिचे ७४५ रुपये अधिक जीएसटी. हे पत्र पैशांसाठी नाही. म्हणजे थोडेफार आहेच, पण ते पुढे येईल. मुख्य गाऱ्हाणे असे की, एवढ्या सोपस्कारांत गाडी चांगली आहे की वाईट, हे सरकारला कुठेच कळले नाही. कळून घ्यायची सोयच केलेली नाही.

पेन्शनर लोकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मीही देतो. माणूस आहे एवढेच त्यातून कळते, त्याची साखर किती आणि गुडघे कसे आहेत याच्याशी बँकेला कर्तव्य नसते. गाडीची पुनर्नोंदणी हा त्यातलाच प्रकार झाला आहे. चॅसिस नंबरवर पेन्सिल घासून ठसा घ्यायचा, तो अर्जावर चिकटवायचा, इंजिन नंबर ताडून बघायचा, दिवे, हॉर्न, वायपर चालवून दाखवायचे, विमा आणि पीयूसीच्या तारखा दाखवायच्या. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या मित्रांना विचारले, सगळीकडे कमी-अधिक हेच. निरीक्षकांना मी दोष देत नाही. मागे वाहनांची रांग असताना ब्रेक चारही चाकांना सारखा लागतो का, शॉकॲब्सॉर्बर जिवंत आहेत का, हे ते नुसत्या डोळ्यांनी सांगणार कसे? टायरवर किमान १.६ मिलिमीटर नक्षी शिल्लक हवी असा नियम आहे. ती मोजताना मी आजवर कुणाला पाहिलेले नाही. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तेही कुणी वाकून वाचत नाही.

आता आमच्या उद्यमनगरात काय होते ते सांगतो. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर आपल्याला ठाऊक असेलच : लेथ, बोअरिंग, फौंड्री, गॅरेज, सगळे एकमेकांना खेटून. माझी गाडी ज्या मिस्त्रींच्या हातात असते, ते आधी बॉनेट उघडून एक स्पार्क प्लग काढतात आणि माझ्या तळहातावर ठेवतात. टोक फिकट तपकिरी असले तर न बोलता परत बसवतात. कोरडी काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातेय. ओलसर, तेलकट असला तर म्हणतात, "रिंगा गेल्या, इंजिन ऑइल खायला लागलंय." मग कूलंटचे टोपण उघडून आत तेलाचा तवंग दिसतो का बघतात. गाडी चालू करून सायलेन्सरमागे उभे राहतात : धूर निळा म्हणजे ऑइल जळते, काळा म्हणजे मिश्रण बिघडले, गरम झाल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल तर हेड गॅस्केट. चहा यायच्या आत हे सगळे होते. मग एका वहीत तारीख, किलोमीटर आणि काय बदलले ते लिहितात. इंजिन ऑइल वर्षाला, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी (ते हवेतला ओलावा ओढते, मग ऐन घाटात ब्रेक दगा देतो), आणि पावसाने पत्रा सडू नये म्हणून मेमध्ये खालून अंडरकोटिंग.

माझ्या गाडीची खरी पत्रिका त्या वहीत आहे, पण सरकारदरबारी तिला किंमत शून्य. उलट, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ज्या गाड्यांच्या सीटपर्यंत चढले, त्या बुडाल्याची नोंद आरसीवर नसते. पुढे ती गाडी कुणी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन घेतली तर त्याला काय कळणार? मीटर मागे फिरवलेल्या गाड्यांचेही तेच.

पीयूसीबद्दल तर लिहावे तेवढे थोडे. कागदावर ही चाचणी चांगली आहे. इंजिन गरम हवे, नळी सायलेन्सरमध्ये फूटभर आत जायला हवी, बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराची सरकारी मानके; आकडा जितका मोठा तितकी मर्यादा कडक) आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना ॲक्सिलरेटर देऊन इंजिन २५०० फेऱ्यांच्या आसपास धरूनही मोजणी करायची. बीएस-४ पेट्रोलला आयडलिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवेत. प्रत्यक्षात मी रस्त्याकडेच्या ज्या व्हॅनपाशी थांबलो, तिथे नळी वीतभरही आत गेली नाही आणि ॲक्सिलरेटरला कुणी पाय लावला नाही. नंबरप्लेटचा फोटो मात्र नीट येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढला. कागद छापून हातात आला तेव्हा इंजिन पुरते गरमही झाले नव्हते.

यातून सुटते काय ते बघा. गाडीच्या पोटाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या महाग धातूंचा थर असलेली त्यातली जाळी विषारी वायू जिरवते. मुंबईसह चार महानगरांत १९९५ मध्ये नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. ती जाळी भंगारात चांगल्या भावाने जाते, म्हणून काही ठिकाणी ती काढून घेतात आणि आत नुसता पोकळ डबा ठेवतात. नळी नीट आत घालून मोजले तर अशी गाडी तिथल्या तिथे पकडली जाईल. नळी बाहेर लोंबत असेल तर तीही पास आणि माझीही पास. पीयूसी नसेल तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे. पीयूसी खोटी असेल तर गाडीवाल्याला काहीच होत नाही, उलट त्याचा वेळ वाचतो.

आता वयाचा मुद्दा. १ एप्रिल २०१० ला देशातल्या तेरा शहरांत बीएस-४ लागू झाले. त्यात महाराष्ट्रातली शहरे तीन : मुंबई, पुणे आणि, हो, सोलापूर. आम्हा कोल्हापूरकरांच्या वाट्याला तेव्हा बीएस-३ च आले आणि देशभर बीएस-४ व्हायला एप्रिल २०१७ उजाडले. पेट्रोल गाडीला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-३ मध्ये किलोमीटरला ०.१५ ग्रॅम होती, बीएस-४ मध्ये ०.०८, म्हणजे जवळजवळ निम्मी. तेव्हा एकाच सालच्या दोन पेट्रोल गाड्या, एक सोलापुरात नोंदलेली आणि एक कोल्हापुरात, दुप्पट फरकाच्या मानकांवर विकल्या गेलेल्या असू शकतात. पंधरा वर्षे झाली की दोघींना पर्यावरण कर मात्र सारखाच. २०१० मध्ये हा कर आला तेव्हा पेट्रोल मोटारीला ३,००० आणि डिझेलला ३,५०० रुपये असा दर होता. इंधन कुठले एवढे बघितले, धूर किती हे बघितले नाही. नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर उत्सर्जन मानकाचा रकाना आहे. तो वाचून कर लावायला नवीन यंत्रही लागणार नाही.

जुन्या गाड्यांची सरसकट वकिली मी करत नाही. डिझेलच्या बाबतीत नवे-जुने हा फरक खराच मोठा आहे : धुरातल्या कणांची मर्यादा बीएस-४ डिझेल मोटारीला ०.०२५ ग्रॅम होती, बीएस-६ ला ०.००४५. पाच पटींहून जास्त. काळा धूर ओकत कात्रज चढणारी जुनी डिझेल जीप कुणी बंद करत असेल तर मी टाळ्या वाजवीन. माझे म्हणणे एवढेच की, ती बंद करताना तिचा धूर मोजून बंद करा.

शुल्काकडे येतो. पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पर्यंत ६०० रुपये होते, त्या दिवशी पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते दहा हजार केले. हे दर केंद्राचे, मान्य. पण सहाशेच्या जागी पाच हजार घेतल्यावर गाडीला उभे करायला एक ब्रेक टेस्टरचा रोलर तरी मिळावा? चॅसिसचा ठसा तेव्हाही पेन्सिलनेच घेत होते.

दुसरीकडे, जुनी गाडी नोंदणीकृत केंद्रात भंगारात काढली तर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. इलेक्ट्रिक मोटारींना अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोल माफ आहे. दोन्ही धोरणांना माझा विरोध नाही. पण गाडी मोडणाऱ्याला सवलत, नवी घेणाऱ्याला सवलत आणि जो आहे तीच गाडी नीट ठेवतो, वर्षाला जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर फिरवतो, त्याला जादा कर, हे गणित मला उमगत नाही. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त आता एसयूव्ही घाटाच्या आहेत. आमच्या शिवाजी पेठेतल्या बोळांत त्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावेच लागते, आणि मागे कोण जाणार यावरून जे होते ते कोल्हापुरी भाषेत होते. आपला एकरकमी कर गाडीच्या किमतीवर आहे, वजनावर नाही. आठशे किलोच्या जुन्या गाडीने रस्त्यावर अडवलेली जागा आणि झिजवलेले डांबर याचा हिशेब कुणी केला तर तो बहुधा आमच्या बाजूने निघेल.

(ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, हा आपल्या खात्याचा विषय नाही, म्हणून कंसात. जुन्या गाड्यांचे मायलेज त्याने थोडे पडते हे केंद्रानेही मान्य केले आहे, रबरी पाइप आणि सील आम्ही आपले बदलत असतो. ऊस आमच्याच शिवारातला, त्यामुळे तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची!)

मागणे असे आहे. पुनर्नोंदणीला येणारी खासगी गाडी यंत्रावर तपासा. नाशिकला यंत्राने वाहने तपासणारे केंद्र कित्येक वर्षांपासून आहे आणि केंद्राच्या नियमांत स्वयंचलित तपासणी केंद्रांची तरतूदही आहे. ब्रेक, सस्पेन्शन, दिव्यांचा झोत, धूर, असे आकडे छापून मालकाच्या हातात द्या. पीयूसी काढताना दर वेळी मीटरचा आकडा नोंदवा आणि तो कुणालाही बघता येईल असा ठेवा. इंग्लंडमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीला दरसाल एमओटी चाचणी असते, तिचे निकाल आणि मीटरचे आकडे कुणीही गाडीचा नंबर टाकून बघू शकतो. तिथे स्थायिक झालेली आपली मंडळी सुट्टीत आली की जुनी गाडी घेताना तिकडे किती निर्धास्त असतात ते सांगतात, आणि आपण ऐकून घेतो. पीयूसी केंद्रांवर अधूनमधून मुद्दाम बिघडवलेली गाडी पाठवा. कोण तिला पास करते ते एका दिवसात कळेल. आणि पर्यावरण कर या आकड्यांना जोडा : ज्याचा धूर मर्यादेच्या निम्म्यात, त्याला निम्मा.

मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आणि सरकारने समिती नेमली. दिल्लीत १ जुलै २०२५ ला वय झालेल्या गाड्यांना पेट्रोल-डिझेल द्यायचे नाही असा नियम लागू झाला आणि काही दिवसांतच तो स्थगित करावा लागला. आपली समिती जे ठरवेल ते ठरवो, पण सालावर गाड्या मोजण्याची सोपी वाट तिला दाखवू नका.

कोल्हापुरात तपासणीचे यंत्र बसले की माझी गाडी पहिल्या दिवशीच तिथे आणतो, जी फी असेल ती भरतो. नापास झाली तर उद्यमनगरात नेऊन दुरुस्त करून पुन्हा आणीन. दुसऱ्यांदाही नापास झाली तर भंगारात देईन, आणि त्याबद्दल आपल्याला पत्र लिहिणार नाही.

आपला,
एमएच-०९ पासिंगच्या एका जुन्या गाडीचा मालक,
कोल्हापूर