पहिला कॅमेरा घेताना

सोलापूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी मी आणि बाबांनी शांतपणे पाहिली. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), दोन लेन्सचा किट, बॅग, ट्रायपॉड, तीन फिल्टर आणि वर साफसफाईचा संच. फोनवर तू इतका हरखून बोलत होतास की मधेच तोडावंसं वाटलं नाही, म्हणून लिहितेय. मुद्दा आधीच सांगते, कारणं मागून येतील. बॉडी साधी घे, वापरलेली असली तरी चालेल. पैसा लेन्सवर घाल. आणि सुरुवातीला एकाच, फार तर दोन लेन्सवर हात बसू दे.

बॉडींमधले फरक शोधण्यात तुझ्या बऱ्याच रात्री गेलेल्या दिसतात. कॅननची १५०० डी आणि २०० डी मार्क टू, निकॉनची डी३५०० आणि डी५६००. अरे, चारही २४ मेगापिक्सेलच्या आणि चारही क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या. लग्नाच्या अल्बमचं मोठं पान छापायलाही एवढे पिक्सेल पुरून उरतात. खरा फरक दुसरीकडेच आहे. निकॉनच्या या दोन्ही बॉडींत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेलं असेल तरच फोकस आपोआप होतो. जुनी ‘एएफ-डी’ स्वस्त मिळाली म्हणून उचललीस, तर रिंग हातानेच फिरवत बसावं लागेल. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट (लेन्स बसवायची जागा) आणला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच आहे, म्हणून त्या काळातली लेन्सही त्यांच्या आजच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) नीट चालते. मात्र २०० डी मार्क टूच्या हॉट शूला (वर फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधली पिनच नाही, १५०० डीलाही ती नसू शकते, बघून घे; आणि आपल्या स्टुडिओतले फ्लॅशचे ट्रिगर त्या पिनवर चालतात. सुट्टीत घरी येऊन आपल्या लाइटवर शिकायचं मनात असेल तर पिन नसलेली बॉडी यादीतून काढून टाक.

‘आता डीएसएलआर कशाला, मिररलेस (आरसा नसलेला) घे’ असं तुझा मित्र म्हणाला, ते अगदीच चुकीचं नाही. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ साली मिररलेससाठी नवे माउंट आणले आणि तेव्हापासून त्यांचं सगळं लक्ष तिकडे गेलं. तुझ्या यादीतल्या डी३५०० आणि डी५६०० चं उत्पादन तर निकॉनने बंदच केलंय. पण म्हणूनच लोक जुन्या बॉडी आणि लेन्स विकायला काढतायत, आणि शिकणाऱ्याला त्याचा फायदा आहे. आपल्याकडच्या उन्हात काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून बघायला मला अजूनही बरं वाटतं. बॅटरीही टिकते: डी३५०० एका चार्जमध्ये १५५० फोटो काढते असं कंपनीचंच माप आहे. पुढे मिररलेस घ्यावासा वाटला, तर कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून त्यावर चालतात, फोकससकट. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही चालतात. म्हणजे आज लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही. बॉडीचं तसं नाही, तिची किंमत दरवर्षी उतरते.

आता लेन्स. ‘पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्यायची तर ५० एमएम एफ/१.८ च’ असं तुला सगळ्यांनी सांगितलंय. (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त.) लेन्स उत्तम आहे, त्यात वादच नाही. बारशाला, डोहाळजेवणाला मी कितीतरी चेहरे तिच्यावर टिपलेत. पण तुझ्या प्रोजेक्टचा विषय आहे सोलापूरच्या पूर्व भागातले माग. क्रॉप सेन्सरवर कॅननमध्ये ५० ची लेन्स ८० सारखी, म्हणजे अरुंद, बघते, निकॉनमध्ये ७५ सारखी. तिथल्या कारखान्यांत दोन मागांमधून माणूस जेमतेम आडवा होऊन जातो. ५० लावून उभा राहिलास तर पाठ भिंतीला टेकेल आणि फ्रेममध्ये येईल नुसता चेहरा. माग नाही, वर नक्षी विणणारं जेकार्ड नाही, खाली उतरणारी चादर नाही. मग तो फोटो कुठलाही असू शकतो, सोलापूरचा राहत नाही. म्हणून निकॉन घेतलास तर ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स, आणि कॅनन घेतलास तर ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८. कॅननची ती लेन्स इतकी चपटी आहे की कॅमेऱ्यावर आहे हेही पटकन कळत नाही, आणि अनोळखी माणसासमोर उभं राहताना ते फार उपयोगी पडतं.

किट लेन्सला मी नावं ठेवत नाही. १८-५५ दिवसाच्या उजेडात चांगलं काम देते, बॉडीबरोबर मिळाली तर घेच. पण कारखान्यात शिरलास की बघ. पत्र्याच्या झरोक्यातून येईल तेवढाच दिवस, बाकी सगळा ट्यूबलाइट. ३५ एमएमवर किट लेन्स साधारण एफ/४.५ च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ ची लेन्स तिथे सहापट उजेड आत घेते. किटवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० ला जाऊन जो फोटो खरखरीत येईल, तोच हिच्यावर १००० च्या आसपास निघतो. सावळ्या चेहऱ्यावरचा घाम, बोटांना चिकटलेला कापसाचा तूस, हे त्या खरखरीत पार पुसून जातं.

तिथे शटर १/१०० सेकंदावर ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. १/५०० लावलास तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसऱ्याच्या अर्ध्या भागात पिवळा पट्टा असं होईल आणि तू कॅमेऱ्याला दोष देत बसशील. १/१०० ला आडवा धागा नेणारा धावता धोटा पुसट येतो. येऊ दे, माग चालू आहे हे त्यानेच कळतं. चेहरा हवा असेल तर धागा तुटेपर्यंत थांब. माग थांबतो, माणूस वाकतो, दोन बोटांत टोकं धरून गाठ मारतो, आणि तेवढा वेळ त्याची मान अजिबात हलत नाही. तो तुझा क्षण. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढ, म्हणजे ट्यूबचा हिरवट रंग नंतर काढता येतो. आणि आत असताना लेन्स बदलू नकोस. हवेत सतत तूस उडत असतो, तो सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत डाग. एकच लेन्स घेऊन जा म्हणते, त्याचं हेही एक कारण आहे.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मात्र १८-५५ च लाव. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आपण कुठे उभं राहायचं हे आपण ठरवत नाही, गर्दी ठरवते. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ ऐकू आलं की लोटालोट सुरू होते, तिथे पुढे-मागे सरकायचं काम झूमनेच करावं लागतं. भर उन्हात सगळ्यांच्या अंगावर पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) असते. सगळी फ्रेम पांढरी दिसली की कॅमेरा ती राखाडी करायला बघतो आणि चेहरे काळे पडतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) २/३ ते १ स्टॉप वर घे, मग मागच्या स्क्रीनवर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून बाराबंदीच्या घड्या दिसतायत ना याची खात्री कर. रात्रीच्या दारूकामाला ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८ किंवा ११, दोन-तीन सेकंद शटर उघडं, आणि फोकस आधीच लावून मॅन्युअलवर ठेवलेला. त्याला महागड्या लेन्सची काहीच गरज नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानासाठी तुला ५५-२५० ची लांब पल्ल्याची झूम हवीय, हे मला कळतं. आत्ता घेऊ नकोस. ती कॅननवर ४०० एमएमसारखी बघते, हात स्थिर असला तरी शटर निदान १/४०० हवं, आणि तरीही लांबचा पक्षी लहानच येतो. काळवीट येतील चांगले. माळढोक दिसणंच आता फार दुर्मिळ झालंय. शिवाय ऊन चढलं की जमिनीवरून हवा थरथरायला लागते, मग कुठलीच लेन्स धारदार फोटो देत नाही. पहाटे जावं लागतं. पुण्यात लेन्स भाड्याने मिळते, एकदा ती घेऊन ये, आपण दोघं जाऊ. त्यानंतरही हवीशी वाटली तर बोलू.

वापरलेली लेन्स बघायला गेलास की दोन्ही बाजूंची झाकणं काढ. मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेकडून आत सोड आणि समोरून तिरकं बघ. बारीक धूळ दिसेलच, ती कुठल्याही लेन्समध्ये असते, फोटोत उतरत नाही. पण काचेच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे पसरलेले दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त देत असला तरी ठेव परत, ती वाढत जाते. मग झूम आणि फोकसच्या रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरव, मधे अडकता कामा नयेत. बॉडीवर एफ/१६ लावून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा एक फोटो काढ, सेन्सरवर डाग असतील तर त्यात उघडे पडतात. शटर काउंट (आजवर किती फोटो काढले) विचार. या वर्गातल्या बॉडीचं शटर १ लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेलं असतं, तेव्हा २०-३० हजारांच्या आत असेल तर निश्चिंत घे. बॅटरी फुगलेली नाही ना, ती खोबणीत अडकल्याशिवाय सरकते का, हेही बघ. मूळ बिल असेल तर मागून घे.

यादीतलं बाकीचं सगळं राहू दे. ट्रायपॉड आपल्याकडे आहे, जाताना घेऊन जा. स्वस्त फिल्टर तर लावूच नकोस. दिव्यांसमोर फोटो काढलास की त्या काचेत दिव्यांची भुतं उमटतात. त्याऐवजी लेन्सचा हूड घे, तो ऊनही अडवतो आणि धक्काही सोसतो. मेमरी कार्ड मात्र नव्या, खात्रीच्या दुकानातूनच घे, नकली कार्डांचा बाजार फार मोठा आहे. वाचलेल्या पैशात एक जादा बॅटरी येईल.

शनिवारी बॉडी बघायला जाणार आहेस ना? पैसे देण्याआधी मला व्हिडिओ कॉल लाव. संध्याकाळी पाचपर्यंत मी स्टुडिओतच आहे, बाबा एका मुंजीला पंढरपूरला जाणार आहेत. टॉर्च लावून लेन्स मला दाखव, आणि भिंतीचा तो एफ/१६ चा फोटो तिथूनच पाठव, मी इथे मोठ्या स्क्रीनवर उघडून बघते.

तुझी,
आई