अकेशियानंतर काय? डिचोलीच्या मित्रास पत्र

चोडण, तिसवाडी, गोवा
एप्रिल अखेर

प्रिय बाबल,

तुझं पत्र पोचलं. तुमच्या पंचायतीने येत्या पावसात बंद खाणीच्या ढिगाऱ्यावर पाच हजार झाडं लावायचं मनावर घेतलंय, तुला समितीत ओढलंय, आणि आमदार, फोटोवाले, शाळेची मुलं असा सगळा थाट ठरलाय, हे वाचून आधी हसलो. मग तुझा प्रश्न वाचला. व्हिएतनामने युद्धात होरपळलेल्या जमिनीवर जंगल उभं केलं म्हणतात, तू जाऊन आलास, तर आपल्याला त्यातलं काही घेता येईल का? याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून बसून लिहितोय. लांबेल. चहा घेऊन बस.

आधी एक सांगतो. खाण म्हणजे युद्ध नव्हे, ही तुलना भाषणात करू नकोस. आपल्या डोक्यावर कुणी विमानातून विष ओतलं नाही. खाणीवर आपल्याच घरातली माणसं कामाला होती, ट्रकही आपल्याच लोकांचे होते. पण वरची माती खाली आणि खालची वर झाली की पुढे झाडाला जे सोसावं लागतं, ते दोन्हीकडे बरंचसं सारखं. तेवढ्यापुरतं वाच.

थोरल्या लेकीकडे हो चि मिन्ह सिटीला (तिथली माणसं अजून सैगॉनच म्हणतात) राहिलो, तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी जावयाने कान ज्योला नेलं. शहराच्याच हद्दीत, पण समुद्राकडे. वाटेत फेरीबोट लागते. चोडणच्या माणसाला परदेशात फेरीबोट दिसली म्हणजे काय होतं ते तुला सांगायला नको! आपल्यासारखीच गर्दी, तीच घाई, फक्त दुचाक्या आपल्या दसपट. पलीकडे उतरलास की कांदळवन सुरू होतं ते संपतच नाही. आपलं सलीम अली अभयारण्य दीड-पावणेदोन चौरस किलोमीटरचं. तिथलं राखीव क्षेत्र पंचाहत्तर हजार हेक्टरांचं. आणि यातलं बरंचसं वन माणसांनी हाताने लावलेलं आहे, हे कळल्यावर मी बोटीतून नुसता बघत राहिलो.

झालं असं की १९६१ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी दक्षिण व्हिएतनामवर सात कोटी लीटरच्या वर तणनाशकं फवारली. एजंट ऑरेंज त्यातलं सगळ्यात बदनाम. पिंपावरच्या नारिंगी पट्ट्यावरून ते नाव पडलं. पानं गळाली की लपलेले लोक दिसतील, असा हिशेब. सैगॉन बंदरात जाणारी जहाजं कान ज्योच्या खाड्यांतून जात, आणि कांदळात दबा धरून बसलेले गनिमी त्यांच्यावर हल्ले करत. म्हणून ते वनच मारून टाकलं. डोंगरातलं झाड एखादी फवारणी सोसून पुन्हा फुटायचं, कांदळ मात्र एकाच फवारणीत जायचं. निम्म्याहून जास्त वन गेलं. वठलेली खोडं उरली, ती पुढे लोकांनी जळणाला तोडली. तेही चुकीचं कसं म्हणायचं? युद्ध संपलं तेव्हा घरात तांदूळ नव्हता. तिथलं जंगल नुसत्या विषाने गेलं नाही, मागून आलेल्या भुकेनेही खाल्लं, ही गोष्ट स्मारकांवर कुणी कोरत नाही.

१९७८ साली शहराच्या वनखात्याने लागवडीला हात घातला. जवळपास बी शिल्लक नव्हतं, म्हणून देशाच्या पार दक्षिण टोकावरून, का माऊहून, बोटी भरभरून कांदळाच्या शेंगा आणल्या. आपल्याकडे खाडीकाठी दिसतं तेच कुळ, वाकड्या पायांवर उभं राहणारं. याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हातभर हिरवी शेंग लोंबत राहते. आम्ही उतरलो त्या राखणदाराच्या घरी, खांबांवर उभ्या असलेल्या, एक साठीची बाई होती. पोरवयात तिने हे काम केलेलं. लेकीच्या मोडक्यातोडक्या भाषेतून मी विचारलं, कसं लावायचात? ती काही बोलली नाही. झाडाखालून एक शेंग उचलली, टोकदार बाजू खाली धरली, चिखलात तिसरा हिस्सा जाईल एवढी दाबली, आणि अंगठ्याने भोवतीचा चिखल आवळला. सगळं मिळून एका श्वासाचं काम. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, की भरती यायच्या आत जेवढं होईल तेवढं, डास आणि भूक सोबतीला.

पण बाबल, खरी हुशारी त्या लावण्यात नव्हती, ती पुढे होती. पहिली काही वर्षं झाडं लागत आणि चोरीलाही जात. मग १९९० च्या सुमारास त्यांनी वनाचे तुकडे पाडून एकेका कुटुंबाला राखणीला दिले, करार करून, पगार देऊन. कुटुंबाने तिथेच राहायचं, तिथेच खेकडे-मासे धरायचे आणि कुऱ्हाड दिसली की हाक मारायची. त्या बाईचं घर त्यातलंच. रोप लावणारा हात आणि राखणारा हात एकाच घरातला झाला, तेव्हा वन टिकलं. २००० मध्ये युनेस्कोने त्याला जैव-आवरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. तुमच्या पंचायतीच्या अंदाजपत्रकात रोपांचे, खड्ड्यांचे, मंडपाचे पैसे असतील. तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये गुरं हाकायला आणि वणवा विझवायला कोण आहे, त्याचा आकडा आहे का, ते बघ. मंडपाचे पैसे मात्र नक्की असतील.

एवढं कौतुक केलं, आता दुसरी बाजू. ते वन जवळजवळ एकाच जातीचं, एकाच वयाचं, दाटीवाटीने लावलेलं. आत शिरलं की खांबांच्या ओळीत उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि पक्ष्यांचा आवाज आपल्या चोडणच्या चिमूटभर वनात त्याहून जास्त असतो. गंमत म्हणजे तिथे वीज पडली की झाडांचा एक गोल पुंजका मरतो, तेवढ्या जागी ऊन उतरतं आणि नवी रोपं वर येतात. माणसाने दाट लावलं ते विरळ करायचं काम वीज करतेय. (तिथली माकडं मात्र बिलंदर. जावयाचा चष्मा घेऊन एक जण फांदीवर बसला, तो केळं दिल्याशिवाय परत मिळाला नाही.)

आता तुझ्या कामाचं. कान ज्यो खाडीकाठचं आहे, तुझा ढिगारा लाल, कोरडा आणि उतरता. तुला उपयोगी पडेल ती गोष्ट डोंगराकडची, सैगॉनच्या ईशान्येला दोंग नाय प्रांतातल्या मा दा जंगलाची. तिथेही फवारणी झाली, मोठी झाडं मेली आणि त्या जागी माणसापेक्षा उंच गवत माजलं. ते गवत दर उन्हाळ्यात पेटायचं, आणि पेटलं की अधिकच जोमाने यायचं. वनखात्याच्या लोकांनी आधी थेट मूळ जंगलातली, उंच वाढणारी राळेची झाडं लावली. ती उन्हाने आणि वणव्याने मेली, कारण त्या जातीच्या रोपाला बालपणी सावली लागते. मग त्यांनी आधी झपाट्याने वाढणारी झाडं लावली, मुख्यतः अकेशिया. सावलीने गवत दबलं, वणवा कमी झाला, आणि त्या सावलीत त्यांनी पुन्हा मूळ झाडं लावली. ती जगली. पुढे अकेशिया विरळ करत न्यायची, म्हणजे खालच्या झाडांना आभाळ मिळतं.

वाचतावाचता तुला आपले ढिगारे आठवले असतील. तीच अकेशिया! आपल्या खाणवाल्यांनीही तीच लावली आणि दुरून ढिगारे हिरवे दिसायला लागले. फरक एवढाच, की आपल्याकडे तिथेच सगळे थांबले. तू मला मागे नेलं होतंस त्या ढिगाऱ्यावर चालून बघ. पायाखाली विळ्यासारख्या वाकड्या, वाळक्या पानांचा थर, पापडासारखा मोडतो, लवकर कुजत नाही. थर बाजूला सारला की लाल माती तशीच्या तशी. ना कुडा, ना करवंद, ना एखादा जांभळाचा कोंब. पावसात त्याच ढिगाऱ्याची लाल धार खालच्या शेतात उतरते. आणि याला आपण वनीकरण म्हणतो.

म्हणून माझं मत विचारशील तर पाच हजार नवी रोपं मुळीच लावू नका. सावली देणारी झाडं तुमच्याकडे आयती उभी आहेत. त्यांच्यात अधूनमधून चार-पाच झाडं काढून खिडक्या पाडा, आणि त्या खिडक्यांत माट्टी, किंदळ, घोटींग, सातवीण, जांभूळ लावा. थोडी लावा, पण आधी पाणी बघा. पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन ढिगाऱ्यावर उभा राहा आणि पाणी कुठून वाहतं ते चुन्याने आखून ठेव. त्या वाटांवर दगडांचे आडवे बांध आणि वाळ्याची रांग आधी, झाड नंतर. उतारावर माती थांबली नाही तर तुमची रोपं गणपतीपर्यंत खालच्या शेतात पोचलेली असतील. रोपं शहरातल्या नर्सरीतून आणू नका. तुमच्या देवाच्या राईत यातली बहुतेक झाडं उभी आहेत. राईतलं पानही उचलायचं नसतं हे मला माहीत आहे; प्रसाद लावून देवाला विचारा. नाही म्हणेल असं मला वाटत नाही.

व्हिएतनामलाही सगळं साधलंय असं समजू नकोस. १९९० च्या आसपास त्यांच्याकडे जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस टक्के भूमीवर वन होतं, आता बेचाळीस टक्के आहे असं सरकार अभिमानाने सांगतं. पण या वाढीतला बराचसा भाग म्हणजे लाकडाच्या भुशा-चिपांच्या कारखान्यांसाठी लावलेली अकेशियाच, पाच-सहा वर्षांत तोडायची. पायरी म्हणून आणलेलं झाड तिथेही मुक्कामाला राहिलंय, आणि त्यावर पैसा मिळतो म्हणून कुणी हलवत नाही.

त्राम चिमची गोष्ट थोडक्यात सांगतो, तुला आवडेल. मेकाँगच्या सखल भागातली ही पाणथळ जागा कालवे खणून कोरडी केली गेली, जमीन आंबट पडली, सारस निघून गेले. युद्धानंतर स्थानिकांनी बांध घालून पाणी अडवलं, आणि १९८६ मध्ये सारस परतले. दोन वर्षांत हजारावर मोजले. मग वणव्याच्या धास्तीने अधिकाऱ्यांनी बारा महिने पाणी भरून ठेवायला सुरुवात केली. सारस ज्या लव्हाळ्याचे कंद उकरून खातो, त्याला उन्हाळ्यात कोरडी जमीन लागते. कंद गेले, सारस कमी होत होत काही वर्षं एकही आला नाही. आता थायलंडहून पिल्लं आणून पुन्हा सुरुवात केलीय. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर) असणाऱ्या म्हाताऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, पाणी सोडायचं कधी हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात मानस देऊच नये.

आणि जिथे विष मुरलं तिथे झाडाचा उपाय चालतच नाही. दा नांगच्या विमानतळावर त्या तणनाशकांची पिंपं साठवलेली होती. तिथली माती मोठ्या बंदिस्त हौदात तीनशेपस्तीस अंशांपर्यंत तापवून एजंट ऑरेंजमधलं खरं विष, डायॉक्सिन, मोडलं. ते काम २०१८ मध्ये पुरं झालं. बिएन होआच्या विमानतळाचं काम त्याहून कितीतरी मोठं आहे आणि अजून चाललंय. हे विष पानांत फारसं चढत नाही, ते तळ्याच्या गाळात बसतं आणि तिथून मासे, बदकं, मग माणूस. डोंगराळ आ लुओई खोऱ्यात अशा एका जुन्या तळाभोवती त्यांनी काटेरी झाडांचं कुंपण लावलं, माणसं-गुरं आत जाऊ नयेत म्हणून. झाड लावायचं ते सावलीसाठी किंवा फळासाठीच असं नाही, कधी ‘इथे येऊ नका’ म्हणण्यासाठीही. तुमच्याकडे असं विष नाही. लाल गाळ आहे, त्याला दगड, वाळा आणि धीर पुरेल.

जांभळं मे अखेरीस पडतील. त्यांची बी साठवून चालत नाही, महिनाभरात मरते. खाल्ली की लगेच पिशवीत टोचायची. शाळेच्या मुलांना फोटोला उभं करण्यापेक्षा हे काम द्या. मी पंधरा तारखेच्या पुढे येतो, दोन दिवस राहीन, ढिगारा एकदा पायाखाली घालू. वहिनींना नमस्कार, आणि त्यांनी फणसाची साठं केली असतील तर माझ्यापुरती ठेवायला सांग.

तुझा,
सुभाष

ता. क. सर्वांत महत्त्वाचं राहिलंच होतं. त्या ढिगाऱ्यात हलक्या प्रतीचं खनिज आहे, आणि असे ढिगारे उचलायचं सरकारी धोरण आहे हे तू जाणतोस. जमीन कुणाच्या नावावर आहे आणि ढिगारा उचलायचा अर्ज कुणी केलाय का, हे समितीच्या पहिल्याच बैठकीत लेखी विचार. उत्तर येईपर्यंत एकही खड्डा खणू नकोस.