चौदाव्या वर्षी विद्यापीठात जाण्याविषयी

प्रिय ईशान,
अनेक आशीर्वाद.

तू केलेला विद्यापीठांच्या क्रमवारीचा तक्ता मी नीट वाचला. एमआयटी आणि स्टॅनफर्ड त्यात वर आहेत, आपले सिअ‍ॅटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ बरेच खाली आहे, आणि म्हणून आठवीनंतर तिथे लवकर प्रवेश घेण्याऐवजी चार वर्षे हायस्कूल करून मोठ्या नावासाठी प्रयत्न करावा, असा तुझा कल दिसतो. हायस्कूल मनापासून हवे असेल तर जरूर कर. मात्र क्रमवारी हे त्याचे कारण असू नये.

अशा क्रमवारीला लागणारे पुष्कळ आकडे विद्यापीठेच पुरवतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्या विद्यापीठाने दिलेले, वर्ग किती मोठे असतात यासारखे आकडे तपासून त्यांवर जाहीर शंका घेतली, आणि त्याच सप्टेंबरात यू.एस. न्यूज या प्रकाशनाच्या विद्यापीठांच्या यादीत कोलंबिया २ वरून १८ व्या क्रमांकावर आले. तेवढ्या महिन्यांत तिथले शिकवणे बिघडले, असे कोणी म्हणणार नाही. तरी गणेशोत्सवात भेटणारे काका-काकू तुला क्रमांकच विचारतील, आणि आजोबा पुण्याहून फोनवर 'हार्वर्ड का नाही?' म्हणतील. त्यांना मी उत्तर देईन.

त्या हार्वर्डचेच उदाहरण घे. विल्यम सिडिस हा विलक्षण बुद्धीचा मुलगा १९०९ मध्ये, अकराव्या वर्षी तिथे दाखल झाला. वर्तमानपत्रे त्याच्या मागे लागली आणि पुढे आयुष्यभर तो प्रसिद्धीपासून पळत राहिला. त्याच्या आधी तीन वर्षे, त्याच वयात, पुढे मोठा गणिती झालेला नॉर्बर्ट वीनर कॉलेजात गेला होता, पण हार्वर्डला गेल्यास होणारा गाजावाजा टाळावा म्हणून वडिलांनी त्याला जवळच्या टफ्ट्स कॉलेजात घातले आणि घरीच ठेवले. हार्वर्डची डॉक्टरेट त्याला पुढे १९१३ मध्ये मिळालीच. दोघांच्या नशिबातला सगळा फरक कॉलेजामुळे पडला असे मी म्हणत नाही (वीनरचे बालपणही सुखाचे नव्हते), पण लहान वयात नावापेक्षा आजूबाजूची माणसे जास्त मोलाची असतात, हे वीनरच्या वडिलांनी ओळखले होते.

मी स्वतः सांगलीत पंधराव्या वर्षी ज्युनिअर कॉलेजात गेले, पण त्या वर्गात सगळ्याच माझ्या वयाच्या होत्या, त्यामुळे त्यात धाडस काहीच नव्हते. तुझ्या बाबतीत प्रश्न इथेच येतो. सिअ‍ॅटलच्या विद्यापीठाचा हा लवकर प्रवेशाचा कार्यक्रम १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅलबर्ट रॉबिन्सन यांनी सुरू केला. त्यात मोजकीच मुले घेतात; ती आधी एक वर्ष एकत्र तयारी करतात आणि मगच विद्यापीठाच्या वर्गांत बसतात. पुढे प्रयोगशाळेत तुझा जोडीदार वीस वर्षांचा असेल, वसतिगृहातल्या आणि फ्रॅटर्निटीच्या (कॉलेजातल्या मुलांच्या मंडळांच्या) गोष्टी तुझ्या कानावर येतील पण तू त्यांत नसशील, आणि जेवायच्या सुट्टीत मात्र तुझ्या वयाची, तुझ्यासारखीच गणिताची खोड असलेली मुले बरोबर असतील. हे शेवटचे नसते तर मी स्पष्ट नाही म्हटले असते.

कॅम्पसची दुसरी बाजूही पाहा. सुमारे पन्नास हजार विद्यार्थ्यांच्या त्या गर्दीत आपली दखल कोणी आपणहून घेत नाही; प्राध्यापकांकडे स्वतः जाऊन विचारावे लागते, आणि तू अजून दुकानदाराला सुटे मागायलाही लाजतोस. शिवाय विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे कॉम्प्युटर सायन्सची जागा मिळाली असे नाही. तिथली स्पर्धा वेगळी आणि कठीण आहे.

माझा कल तू दहावीपर्यंत शाळेत राहावेस असा आहे. त्यानंतर त्याच विद्यापीठाच्या अकॅडमीत, म्हणजे दहावीनंतरच्या लवकर प्रवेशाच्या कार्यक्रमात, सोळाव्या वर्षी जाता येते, किंवा राज्याच्या रनिंग स्टार्ट या योजनेतून अकरावी-बारावीतच कम्युनिटी कॉलेजचे वर्ग घेता येतात. बाबांना मात्र तू आत्ताच जावेस असे वाटते, आणि त्यांचे म्हणणे चूक नाही. तेव्हा आधी लवकर प्रवेश घेतलेल्या त्या मुलांना भेट, त्यांची संध्याकाळ कशी जाते आणि जुन्या मित्रांशी बोलणे उरले आहे का, ते विचार. शिक्षकांकडे शिफारसपत्र मागायचे की नाही, ते तू सांगितल्यावरच ठरवू.

तुझी,
आई