लेन्स अडकली तर आधी सेल बघा

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबते, ‘लेन्स एरर’ येतो, दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. दुरुस्तीला टाकण्याआधी सेल बदलून बघा. लेन्स ढकलणारी मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते. साध्या पेन्सिल सेलना तो झेपत नाही, व्होल्टेज बसतं आणि लेन्स वाटेतच अडकते. तेच सेल रिमोटमध्ये मात्र महिनोन्महिने चालतात, म्हणून ते चांगलेच आहेत असं वाटत राहतं. चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, २००० एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आसपासचे. त्यांच्यावर १.२ व्होल्टच लिहिलेलं असतं, पण ताण आला तरी ते टिकून राहतं. जोडी फोडू नका. एक नवा आणि एक जुना घातला की जुना दोघांनाही बुडवतो.

सेलच्या खणातल्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच घासा, कॅमेरा उलटा धरून. कण आत जाता कामा नयेत.

एवढं करूनही लेन्स अडकली तर बहुधा लेन्सच्या नळीच्या कड्यांमध्ये वाळू असणार. लेन्स जमिनीकडे करून रबरी ब्लोअरने फटींत हवा मारा. तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते. नळी हाताने ओढू किंवा दाबू तर अजिबात नका, आतली प्लॅस्टिकची दातेरी चाकं सरकतात आणि मग खरंच दुरुस्ती लागते. कव्हरमध्ये असताना चुकून बटण दाबलं गेलं तरी हेच होतं.

आई, नुसते फोटो बघायचे असतील तेव्हा पॉवरचं बटण नको. त्रिकोणाचं बटण दाबून धर. बहुतेक कॅमेऱ्यांत लेन्स बाहेर न येता फोटो दिसतात, तेवढीच तिची झीज वाचते.

‘कार्ड लॉक’ आलं तर कार्डाच्या डाव्या कडेची बारीक खिटी वर सरकवा. कॅमेरा फार जुना असेल तर २ जीबीपेक्षा मोठं कार्ड तो ओळखणारच नाही, त्यात कार्डाचा दोष नाही.

आणि बाबा, स्क्रू काढू नका, हे कळकळीने सांगते. फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो.

पावसाळ्यात कॅमेरा सेल काढून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तारीख पुसली जाईल, ती परत घालता येते.

तुमची,
लेक